वहीतले नऊ ठिपके

सांता ब्रीहिदाच्या साखर कारखान्याला टाळं लागून वीस वर्षं झाली, पण एवारिस्तो फिलिप्सला बेसबॉल संघात आणलं ते बरं केलं की वाईट, हा वाद आमच्याकडे अजून चालू आहे. धुराडं पाडलं, उसाच्या गाड्यांचे रूळ भंगारवाल्यांनी उचलून नेले, वाद मात्र होता तिथेच आहे.

दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला, आमच्या संतिणीच्या सणाला, प्रार्थना आटोपली की पुरुषमंडळी मोन्चो न्हाव्याच्या दुकानात जमतात आणि खटला भरतो. केस कापायची खुर्ची म्हणजे न्यायासन, तिच्यात मोन्चो स्वतः गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळून बसतो. फिर्याद लिचो मांडतो, कारण त्याचा आवाज मोठा आणि काम काही नाही. बचावाला ज्याला फुकटची बिअर हवी असेल तो उभा राहतो. आरोपी दोन. एक एवारिस्तो, आणि दुसरे माझे वडील अनाक्लेतो, ज्यांनी १९७१ साली संघातला एक खेळाडू देऊन त्याला घ्यायची अदलाबदल केली. साक्षीदार एकच, माझी वही. मी ती फडक्यातून सोडायची, आकडा वाचून दाखवायची, सगळ्यांनी हसायचं, बचाववाल्याने हरायचं आणि बिअर प्यायची. आरोपी एवारिस्तो बाहेर क्रेटवर बसून डॉमिनो खेळत असायचा. तो मान वर न करता ओरडायचा की मला गुन्हा कबूल आहे, आता पुढची सोंगटी लावा.

पंधराव्या वर्षापासून कारखान्याच्या संघाचे सगळे सामने मी लिहिले. पापा संघाचे व्यवस्थापक होते. गाव त्यांना माएस्त्रो, म्हणजे गुरुजी, म्हणायचं, पण त्यांना अक्षरओळख नव्हती. चेंडू बॅटवर लागल्याच्या आवाजावरून तो कुठे पडणार ते सांगायचे, मात्र स्वतःचं नाव लिहायचं तर अंगठा पुढे करायचे. आई मी आठ वर्षांची असतानाच गेली. मग शाळेतून आल्यावर मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या सावलीत बसून पेन्सिलीने रकाने भरणं हेच माझं खेळणं झालं. पुढे लोक म्हणायला लागले की ओन्दिनाच्या वहीत प्रत्यक्ष देवाने चेंडू सोडला तरी एरर लागेल. मी ते ऐकून मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, विनय आहे.

आता एरर म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं रामायण तिथेच आहे. बॅटरने चेंडू मारला आणि तो पहिल्या बेसवर सुखरूप पोचला, तर कारणं दोन असू शकतात. एक म्हणजे फटकाच असा होता की कुणाच्या हाती लागला नसता. तो हिट, त्याचं पुण्य बॅटरला. दुसरं म्हणजे चेंडू अडवण्यासारखा होता, पण अडवणाऱ्याच्या हातून सुटला. तो एरर, त्यात बॅटरच्या वाट्याला काही नाही. यातलं काय झालं हे पंच ठरवत नाही. ते वही लिहिणारा ठरवतो, आणि आमच्याकडे वही लिहिणारी मी.

त्या वर्षी आमच्याकडे रामिरो होता. डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, रस उकळायच्या कढयांवर कामाला. आमच्या शेजारच्याच कंपनीच्या घरात राहायचा. एकोणीस वर्षांच्या मुलीला शेजारी असा मुलगा मिळाला की जे व्हायचं तेच झालं. संध्याकाळी तो कुंपणाशी उभा राहून पेरू खायचा आणि मी उगाचच कपडे दोनदा वाळत घालायची. पापांना हे ठाऊक होतं की नव्हतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

एवारिस्तो तेव्हा लास आनिमासच्या कारखान्यात होता. आमच्या अख्ख्या बेटावर त्याचं नाव सगळ्यांना माहीत. उत्तरेला अमेरिकेत जाऊन मोठ्या संघांच्या उंबऱ्यापर्यंत पोचून आलेला, पण मनगट दुखावून परतला होता आणि वर्षभर त्याच्या बॅटला चेंडू लागत नव्हता. लास आनिमासवाले त्याला विटले होते. पापा एकदा जाऊन त्याचा सराव बघून आले आणि घरी येऊन म्हणाले की हा मारतोय उशिरा, पण बघतोय बरोबर. आठवड्याने व्यवहार ठरला. आम्ही रामिरो दिला, वर पिचरचे चेंडू झेलणाऱ्या कॅचरचं सगळं नवं सामान दिलं आणि एवारिस्तोला घेतलं.

आमच्याकडे अदलाबदल म्हणजे नुसता सदरा बदलणं नव्हे. खेळाडू कारखान्याचा कामगार, त्यामुळे संघ बदलला की काम बदलायचं, आणि घरसुद्धा. एका सोमवारी उसाच्या गाडीवर रामिरोची खाट, पेटी आणि कोंबड्यांची खुराडी चढली, आणि त्याच गाडीने परत येताना एवारिस्तोची खाट आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालायला गेले तर कुंपणापलीकडे हा सव्वासहा फुटी माणूस रामिरोच्या पेरूच्या झाडाखाली दाढी करत उभा होता. त्याने नमस्कार केला. मी बादली तिथेच ठेवून आत निघून गेले.

गावात पहिल्या दिवसापासून कुजबुज होतीच. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलेत माएस्त्रो, म्हणायचे. पहिल्या चार सामन्यांत एवारिस्तोला खरंच जमलं नाही, तेव्हा कुजबुजीची आरडाओरड झाली. नाव मोठं लक्षण खोटं. पापा म्हणायचे, थांबा, जरा मनगट मोकळं होऊ द्या.

पाचव्या सामन्यात तिसऱ्या डावात त्याने एक फटका मारला. जमिनीलगत, सणसणीत, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या शॉर्टस्टॉपच्या उजव्या हाताला. शॉर्टस्टॉपने अंग झोकून दिलं, चेंडू हातमोज्याच्या टोकाला चाटून मागे गेला. एवारिस्तो पहिल्या बेसवर उभा राहून मनगट चोळत होता आणि लोक उठून उभे राहिले होते. माझी पेन्सिल रकान्यावर थांबली. अडवता आला असता का? खरं सांगायचं तर नसता आला. पण त्याच सकाळी रामिरोचं पहिलं पत्र आलं होतं आणि त्यात माझ्याबद्दल दोन ओळी आणि तिकडच्या जेवणाबद्दल एक पान होतं. मी रकान्यात एरर लिहिला.

रात्रीचं जेवण होण्याआधी पापा रोज वही वाचून घ्यायचे. खुर्ची दारात, पाय उंबऱ्यावर. त्या दिवशी त्यांनी मध्येच थांबवलं.

“तिसऱ्या डावातला एवारिस्तोचा चेंडू. तो काय लिहिलास?”

“एरर, पापा. शॉर्टस्टॉपचा.”

त्यांनी उसाच्या शेताकडे नजर वळवली. “मला वाटलं होतं, तो कुणाच्या बापाला अडला नसता.” मग स्वतःशीच हसले. “असेल. माझे डोळे म्हातारे झाले. तू लिहिलंस ते खरं.”

तिथे बोलायला हवं होतं, नाही बोलले. आणि एकदा न बोललेलं पचलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. त्या हंगामात मी नऊ वेळा हे केलं. नऊ हिट, जे मी दुसऱ्यांच्या चुका म्हणून लिहिले. प्रत्येकाशेजारी बारीक ठिपका दिला. का दिला, देव जाणे. बहुतेक चोरालाही आपण काय चोरलं ते लक्षात ठेवावंसं वाटतं.

मे महिन्यात एवारिस्तोची बेरीज झाली. एकशे सहा वेळा बॅट हाती घेतली, एकवीस हिट. आमच्याकडे ही सरासरी हजारात मोजतात, ती आली एकशे अठ्ठ्याण्णव. दोनशेच्या खाली म्हणजे बॅट नव्हे, झाडू. तिकडे रामिरोने अकरा सामने जिंकले, त्यातले तीन आमच्याविरुद्ध, आणि लास आनिमासने करंडक नेला. जूनमध्ये त्याने तिथल्या बॉयलरवाल्याच्या मुलीशी लग्न केलं. मला राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. ज्याच्यासाठी मी हे सगळं केलं तो माझ्या मनातून कधीच निघून गेला होता, आणि मला ते वहीत काळं करून झाल्यावर कळलं.

कंपनीच्या कचेरीतल्या साहेबाने वही मागवली, आकडा बघितला आणि पापांचं व्यवस्थापकपद काढून घेतलं. एवारिस्तोला संघातून वगळून उसाच्या वजनकाट्यावर बसवलं. गावाने त्याचं नावच एकशे अठ्ठ्याण्णव ठेवलं. पोरं हाक मारायची, बायका निरोप पाठवायच्या, “एकशे अठ्ठ्याण्णवला सांगा, यानीकेके रोट्या गरम आहेत, घेऊन जा म्हणावं.” तो यायचा, रोटी घ्यायचा, हसायचा.

आणि पापा? पापा दर रविवारी मैदानावर जायचे, पण बाकावर नाही, उजव्या कुंपणाबाहेर उभे राहायचे. कुणी टोमणा मारला की म्हणायचे, पदरात पडलं पवित्र झालं. त्यांनी एवारिस्तोला कधी अंतर दिलं नाही. रविवारचं जेवण, मासळी आणि उकडलेले कणकेचे गोळे, तो आमच्याकडेच जेवायचा. मी वाढायची. वादळात छप्पर उडालं तेव्हा त्यानेच पत्रे ठोकले. १९८९ मध्ये पापा गेले तेव्हा पुढचा उजवा खांदा त्याचा होता. शेवटच्या आजारातही कुणी भेटायला आलं की पापा सांगायचे, “मला वाटलं होतं तो मारेल. नजर चुकली माझी. आयुष्यात एकदाच चुकली, पण मोठी चुकली.” मी शेजारी बसून त्यांचं कपाळ पुसत असायची.

माझं लग्न झालं, मुली झाल्या, नवरा वारला. कारखाना बंद होईपर्यंत मी सामने लिहिले आणि त्या नऊनंतर एक अक्षर खोटं लिहिलं नाही. त्याने काही फिटत नाही, हे मला कळतं.

यंदा मैदानाची भिंत नव्याने रंगवायची ठरली. भिंतीवर संघाच्या सगळ्या व्यवस्थापकांची नावं लिहायची. आठ नावं निघाली आणि मोन्चोच्या दुकानात ठरलं की सातच लिहू. लिचो म्हणे, ज्याने रामिरोसारखा पिचर देऊन झाडू आणला त्याचं नाव लिहिलं तर लास आनिमासवाले येऊन फोटो काढतील. सणाच्या दिवशी खटला होईल, त्यात काय तो निकाल लावू, पण निकाल ठाऊकच आहे. हे मला मोन्चोच्या बायकोने भाजी घेताना सांगितलं. मी घरी आले आणि कोथिंबीर तशीच ओट्यावर पडून राहिली. इतकी वर्षं मी समजत होते की हा खेळ आहे. पापांचं नाव भिंतीवर येणार नाही, तेही माझ्या पेन्सिलीमुळे, हे काही मला सोसवेना.

पहिल्या तारखेला मी प्रार्थनेला गेले नाही. सरळ दुकानात जाऊन बसले. माणसं आली, मोन्चो खुर्चीत चढला, कापड गुंडाळलं. लिचोने घसा साफ केला आणि दरवर्षीचं कीर्तन लावलं. अकरा सामने, करंडक, कॅचरचं नवंकोरं सामान. मग वयाचा मान ठेवून म्हणाला, “आता दोन्या ओन्दिना, आकडा सांगा आणि आम्हाला बिअर पिऊ द्या.”

मी वही उघडली.

“आकडा खोटा आहे,” मी म्हटलं. “नऊ हिट मी एरर म्हणून लिहिले. मुद्दाम. रामिरोला पाठवल्याचा राग होता म्हणून. खरा आकडा दोनशे त्र्याऐंशी.”

बाहेर सोंगट्यांचा आवाज थांबला. मोन्चोने गळ्याचं कापड हळूच सोडलं. लिचोला आधी वाटलं मी थट्टा करते आहे, तो हसायला लागला आणि मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने हसू आवरलं. मी एकेक ठिपका दाखवून वाचत गेले. कुठला सामना, कुठला डाव, चेंडू कुठे गेला. नऊच्या नऊ वाचले.

लिचो चिडला, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. “पन्नास वर्षं आम्ही त्या माणसाला नाव ठेवलं, दोन्या. माझ्या पोरांनी ठेवलं. तुम्ही इथे बसून आकडा वाचत होतात.” मी म्हटलं, होय, बसून वाचत होते.

तेवढ्यात दारात अंधार झाला. एवारिस्तो वाकून आत आला, अजूनही त्याला त्या चौकटीतून वाकावं लागतं. हातात एक सोंगटी तशीच होती.

“नऊ नाही,” तो म्हणाला. “दहा.”

मला काही कळेना.

“एप्रिलमध्ये. लास आनिमासविरुद्ध, तिसऱ्या बेसकडे मारलेला. तो पण हिट होता.”

मी पान उलटलं. तो सामना मला डोळ्यांसमोर दिसत होता. “तो नाही. तो चेंडू सरळ त्याच्या हातात गेला आणि त्याने पाडला. तो एररच होता, एवारिस्तो.”

“हिट होता.”

“एरर होता. मी आज खोटं बोलायला आलेली नाही.”

दुकानात कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच हसले. एवारिस्तो सुद्धा. मी एकटी हसले नाही, कारण आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला होता. त्याला ठाऊक होतं. पहिल्यापासून, प्रत्येक चेंडू. चेंडू कसा लागला हे बॅटरच्या हातांना कळतंच, तो कसा विसरेल. मी त्याला विचारलं, मग बोलला का नाहीस?

तो मोन्चोच्या बाकावर बसला. घाई त्याला कधीच नसते. “हंगाम संपल्यावर एकदा तुझे वडील वजनकाट्यावर आले,” तो म्हणाला. “म्हणाले, एवारिस्तो, तुला खरं विचारतो. तिसऱ्या डावातला तो शॉर्टस्टॉपजवळचा. तो हिट होता ना?”

“मग?”

“मी म्हटलं, नाही माएस्त्रो. त्याच्या हातातून सुटला तो. एररच.”

“पण का?”

“हिट म्हटलं असतं तर त्यांना घरी जाऊन तुझ्याकडे बघावं लागलं असतं. त्यांच्या घरात दुसरं कोण होतं?” त्याने सोंगटी गुडघ्यावर ठेवली. “नोकरी गेलेली माणूस सोसतो. मुलगी खोटं लिहिते, हे नसतं सोसलं त्यांनी.”

मला तिथे रडू आलं, सगळ्यांसमोर, आणि लाज वाटली नाही. पापांना शंका आली होती. मला न विचारता ते दुसऱ्याला विचारायला गेले, आणि ज्याचं नुकसान होत होतं त्यानेच खोटी साक्ष देऊन मला त्यांच्या नजरेत शाबूत ठेवलं. मी मात्र त्याला पन्नास वर्षं मासळी वाढली आणि समजत राहिले की उपकार करते आहे.

लिचो खाकरला. फिर्यादीचा मान राखायला हवा म्हणून म्हणाला की दोनशे त्र्याऐंशी धरले तरी रामिरोचे अकरा सामने आहेतच, हिशेबाने व्यवहार तोट्याचाच. त्यावर नेहमीसारखी जुंपली. कुणी म्हणे दुखऱ्या मनगटाने दोनशे त्र्याऐंशी म्हणजे सोनं. कुणी म्हणे पिचर तो पिचर. मोन्चो न्यायासनावरून उठला आणि म्हणाला की अदलाबदलीचा निकाल पुढच्या वर्षावर ठेवू, नाहीतर पुढच्या वर्षी करायचं काय. पण भिंतीवर नावं आठ. ज्याच्या नजरेने बरोबर बघितलं होतं त्याचं नाव गाळता येणार नाही. लिचोने सगळ्यांच्या आधी हात वर केला.

मग प्रश्न निघाला, एवारिस्तोला आता हाक काय मारायची. तो म्हणाला, “दोनशे त्र्याऐंशी म्हणून हाक मारलीत तर मी मागे वळूनसुद्धा बघणार नाही. एवढ्या वर्षांची सवय आहे.” आणि आपली सोंगटी लावायला बाहेर गेला.

माझं म्हणाल तर माझा निकाल लागला आहे. रामिरो चांगला पिचर होता, देव त्याला सुखात ठेवो. आपण ती अदलाबदल जिंकलो. पण हे मी दुकानात बोलले नाही, नाहीतर लिचोची पुढची फिर्याद बुडाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोडरबर घेऊन बसले आणि नऊ रकाने दुरुस्त केले. दहावा तसाच ठेवला. मग वही फडक्यात बांधून कबरस्तानात गेले. पापांच्या दगडाशेजारी बसायला एक विटांचा ओटा आहे, तिथे बसले आणि पाचव्या सामन्याचं पान काढलं. जसं दारात वाचायची तसंच, रकान्यामागून रकाना, घाई न करता वाचलं.

“तिसरा डाव. एवारिस्तो फिलिप्स. शॉर्टस्टॉपच्या उजव्या हाताला. हिट, पापा. कुणाच्या बापाला अडला नसता. तुमचे डोळे चांगले होते.”